घनफूट

बामणोलीहून लाँचने पाऊण तास.
पाणी उतरू लागलं होतं, काठाच्या चिखलात
बुडालेल्या कुठल्याशा गावाचं एक जोतं
नुकतंच उघडं पडलेलं, त्यावर बगळा.
तिथून वर चढ. दसरा होऊन आठ दिवस झालेले,
कारवी ओली, आणि बायडा संकपाळ माझ्यापुढे
न दमता, न बोलता.

शिखराच्या जरा खाली, जिथे सडा संपतो
आणि अंधार सुरू होतो, तिथे तिने
कोयता एका दगडाखाली सरकवला.
चपला त्याच्या शेजारी.
"लोखंडाला आत काय काम न्हाई."
मी बूट काढले.
पर्समध्ये आण्णांची फीत होती,
पंधरा फुटी, पत्र्याच्या डबीतली.
तीही लोखंडाचीच की.
मी काही बोलले नाही.

सांगलीत मिरज रस्त्याला आमची वखार.
मी आकडे शिकले ते ओंडक्यांवर,
निळ्या खडूने लिहिलेले, उलटे-सुलटे.
आण्णा लाकूड डोळे मिटून ओळखायचे,
करवतीतून उडालेला भुसा
नाकाशी धरला की झालं:
हे शिवण, हे किंजळ, हे दांडेलीचं, हे चोरीचं.
आता ते खाटेवर. फीत त्यांनीच दिली,
"एवढं जुनं म्हणतेस, तर घेर घेऊन ये."

आत पावलांचा आवाज येत नव्हता.
पिसा, हिरडा, जांभूळ,
वाऱ्याने पिळून ठेंगणी झालेली अंजनी,
सगळ्यांच्या अंगावर शेवाळ, शेवाळावर नेचे,
आणि गारंबीची एक वेल, माझ्या मांडीएवढी,
कुठून निघाली आणि कुठे गेली
याचा पत्ताच लागू देईना.
वर कुठेतरी शेकरू ओरडलं
नि गप्प झालं.

गावात देवीला नाव नाही, नुसतं 'वरची' म्हणतात.
वरचीच्या तांदळ्यामागे ते जांभूळ.
मी फीत गुंडाळली. बायडा पलीकडून टोक धरायला आली,
तिला ते मोजणं आवडलं नव्हतं, तरी आली.
एक वीतभर कमी पडली.
ती वीत बायडाने आपल्या हाताने भरली,
फितीच्या दोन टोकांमधे
पंजा सालीवर पसरून.

आणि मला, देवाशपथ, नवल वाटायच्या आधी
हिशोब सुचला.
घेर सोळाच धरा. चौथा भाग चार. चाराचा वर्ग सोळा.
सरळ खोड वीस फूट.
तीनशे वीस घनफूट.
डोक्यात कुणीतरी निळ्या खडूने लिहिलं सुद्धा.

"किती वर्साचं आसंल?" बायडाने विचारलं.
मी म्हटलं, कापल्याशिवाय सांगता येत नाही,
आणि बारमाही हिरव्या झाडाची वलयं
कापूनही नीट दिसत नाहीत.
ती म्हणाली, "मग बरं हाय की."
पंजा अजून तिथेच होता.
मी माझा त्याच्यावर ठेवला नाही, शेजारी ठेवला.
साल गार होती, दुपारी एक वाजताही.

परत हद्दीशी तिने मला उभं केलं,
पायजम्यावरची कुसळं एकेक काढली,
केसातलं वाळकं पान काढलं,
सगळं मागे फेकलं, राईत.
"काडी बी खाली न्यायची न्हाय."
घोट्याला दोन जळवा होत्या, टम्म फुगलेल्या.
त्याही तिने अलगद सोडवल्या, मागेच टाकल्या.
माझं तेवढं रक्त वर राहिलं.
त्याबद्दल ती काही बोलली नाही.

काठावर रेंज आली तसा फोन लावला.
"घेर?"
फीत पुरली नाही, आण्णा.
ते बराच वेळ नुसते श्वास घेत होते.
मग म्हणाले, "वास कसा होता गं?"

पन्नास वर्षं त्यांनी झाडाचा वास
कापल्यावरच घेतला होता.
मी तळवा नाकाशी धरला. लाँचचा भोंगा झाला.
ओला, म्हटलं. ओला होता,
आणि थोडा आपल्या विहिरीसारखा,
वखार व्हायच्या आधी
तिथे होती ती.